मन्यास, मिरजेच्या कपाटाबद्दल

प्रिय मन्या,

मिरजेच्या घरातलं गाण्या-नाटकाच्या जुन्या पुस्तकांचं कपाट आवरतोयस, त्यातलं काय ठेवायचं नि काय काढायचं याचं उत्तर व्हॉट्सॲपवरच देणार होतो, पण अंगठ्याने एवढं टायपायचं म्हणजे शिक्षा, म्हणून लॅपटॉप उघडून सरळ पत्रच लिहितोय, चहा घेऊन निवांत वाच. पहिलं काम म्हणजे त्या रद्दीवाल्याला सांग, पुढच्या महिन्यात ये. काकूंना घर रिकामं करायची घाई आहे ते कळतंय मला, पण "जाड जाड पुस्तकं ठेवतो आणि बारीकसारीक काढून टाकतो" असं जे तू लिहिलंयस ना, ते नेमकं उलटं कर रे बाबा. जाड पुस्तकं कुठे ना कुठे मिळतातच, कुणीतरी स्कॅन केलेली असतात, रीप्रिंट निघालेली असते, बारीक गेली की गेलीच.

आता तू पाठवलेल्या फोटोंबद्दल. वरच्या खणात भातखंडे दिसतायत, म्हणजे हिंदुस्थानी गाण्याचं शास्त्र आणि चिजा लिहून ठेवणारे विष्णु नारायण भातखंडे. क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग, अठराशेच्या आसपास चिजा (म्हणजे रागांतल्या बंदिशी) आहेत त्यात, आणि गाणं शिकणाऱ्या प्रत्येक घरात त्यातला एखादा तरी भाग असतोच, म्हणून लोक त्याकडे बघतही नाहीत. पण आधी बघ की तुझ्याकडचे मराठी आहेत की हिंदी. मूळ मालिका मराठीत निघाली, १९२० पासून पुढे, आणि शेवटचे भाग त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ ला आले. आज बाजारात जे मिळतं ते बहुतेक हाथरसच्या प्रकाशकांचं हिंदी. जुने मराठी भाग दिसले तर बाजूला काढ, मग ते कितीही फाटके असोत.

आणि त्याच खणात खाली 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' असं काही दिसतं का बघ, भातखंडे नाव शोधत बसू नकोस, कारण त्यावर त्यांचं नावच नव्हतं, विष्णु शर्मा असं टोपणनाव घातलं होतं त्यांनी. संस्कृत ग्रंथ लिहिला 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्', तो चतुर पंडित या नावाने, आणि मग मराठी पुस्तकात त्याच चतुर पंडिताचे श्लोक आधार म्हणून द्यायचे, जसं काही कुणी तिसराच शास्त्रकार आहे! मला हा प्रकार भयंकर आवडतो, वकील माणूस शेवटी, साक्षीदार स्वतःचाच उभा केला. चार भाग आहेत, पहिला १९१० चा आणि चौथा थेट १९३२ चा, म्हणजे मधे बावीस वर्षं गेली, त्यामुळे एकाच घरात चारही भाग एकत्र सापडणं कठीण, कारण पहिला आजोबांनी घेतलेला असतो तर चौथा यायच्या वेळी घरात गाणंच बंद झालेलं असतं. सगळं पुस्तक गुरु-शिष्य संवाद, आणि ती मराठी काय झकास आहे म्हणून सांगू, मधेच कुणा खाँसाहेबांची फिरकी (नाव न घेता), मधेच प्रवासातला किस्सा. हिंदीत वाचलेल्यांना ही मजा अर्धीच कळते असं माझं मत आहे, भांडायचं असेल तर भांड.

खरा मुद्दा मात्र खालच्या खणातला आहे. दुसऱ्या फोटोत डावीकडे सुतळीने बांधलेला जो गठ्ठा दिसतोय, पिवळट पातळ पुस्तिकांचा, त्यात मला दोन गोष्टींचा संशय आहे.

एक म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकरांची पुस्तकं, तेच गायक आणि गाण्याची शाळा काढणारे. ते मिरजेलाच शिकले ना, बाळकृष्णबुवांकडे, त्यामुळे तुमच्या भागातल्या घरांत ती निघतात. १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं त्यांनी आणि स्वतःची पुस्तकं स्वतःच छापायची सोय केली, छोटी छोटी, बालबोध, बालप्रकाश, रागप्रवेश अशी. मुखपृष्ठ फाटलं असेल तर आतल्या पानावर लाहोर असं छापलेलं शोध. मिरजेच्या कपाटात लाहोरचं पुस्तक, तेसुद्धा कुरुंदवाडच्या माणसाने काढलेलं, विचार कर! आणि ती वाचायला घेशील तर एक सांगून ठेवतो, नाहीतर तू पेटी काढून बसशील आणि म्हणशील की हे काय भलतंच वाजतंय. सूर लिहायच्या भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, वरचं. पलुसकर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक, आणि तारसाठी डोक्यावर उभी रेघ. आता भातखंड्यांकडे उभी रेघ कशाला, तर तीव्र मध्यमाला, म्हणजे चढ्या 'म'ला. कोमल (उतरलेल्या) स्वराला एकाकडे खाली आडवी रेघ तर दुसऱ्याकडे पाय मोडलेला. म्हणजे एकाची सवय असलेला माणूस दुसऱ्याचं पुस्तक वाजवायला बसला की आख्खी चीज डोक्यावर उभी राहते. म्हणून जुन्या पुस्तकांत तुला पेन्सिलीने केलेल्या खुणा दिसतील, कुणीतरी टिंबं खोडून आपल्या सोयीने बदललेली. त्या खुणा रबराने पुसू नकोस, हात जोडतो. मला विचारशील तर पुस्तकापेक्षा त्याच वाचण्यासारख्या असतात, कारण छापलेली चीज सगळ्यांकडे सारखीच, पण एखाद्या पोराने कुठे अडखळून परत परत रेघ मारली, बुवांनी शिकवलेली जागा छापल्यापेक्षा वेगळी निघाली म्हणून समासात काय लिहून ठेवलं, हे त्या एकाच प्रतीत असतं. मी एक असंच पुस्तक बाइंडिंगला दिलं होतं, आणि त्या बाइंडरने कडा सरळ दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी अशी काही मशीन फिरवली की समासातल्या टिपांचे अर्धे शब्द कापून गेले. पुस्तक दिसतंय मात्र नवं कोरं. तेव्हापासून बाइंडिंगच बंद.

दुसरा संशय नाटकांच्या पद्यांच्या पुस्तिकांचा. थेटरच्या दारात विकायचे त्या, काही आणे किंमत, कागद इतका हलका की हातात घेतला की कोपरा गळून पडतो. लोक म्हणतात पदं तर नाटकाच्या पुस्तकात आहेतच, ह्याचं काय करायचं? अरे पण पदाच्या डोक्यावर कंसात बारीक टाइपात 'चाल' म्हणून जी ओळ असते ना, ती बघ. किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० ला पुण्यात लागलं, तेव्हापासून ही पद्धत, पद नवीन आणि चाल लोकांच्या ओळखीची, म्हणून नुसता जुन्या गाण्याचा पहिला तुकडा द्यायचा की काम झालं. कधी लावणी, कधी कानडी पद, कधी पारशी नाटकातलं गाणं, कधी बैठकीतली ठुमरी. स्वर लिहायची कुणाला गरजच वाटली नाही, कारण सगळ्यांना ते गाणं येतच होतं. आणि आज गंमत अशी झालीय की पद राहिलं, आणि ज्याची चाल घेतली ते मूळ गाणं कुठल्या कुठे गेलं, त्याच्या नावाचा तेवढा तुकडा ह्या कंसात अडकून राहिलाय. पुढे गोविंदराव टेंब्यांनी १९११ ला मानापमानच्या चाली दिल्या, भास्करबुवांनी १९१६ ला स्वयंवरच्या, तेव्हा चिजांवरून चाली यायला लागल्या, म्हणजे ह्या पुस्तिका क्रमाने लावल्या तर नाटकाच्या प्रेक्षकाला काय ऐकून माहीत होतं ते दशकादशकाने बदलताना दिसतं. हे कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात इतकं उघड दिसत नाही. माझ्याकडे एक आहे त्यात पदांपुढे कुणीतरी 'व.मो.' असं लिहिलंय, मला आधी वाटलं कुणाची आद्याक्षरं, मग पेटली की वन्समोअर! काही पदांपुढे दोनदा लिहिलंय. एकापुढे नुसती फुली आहे, बिचारा नट.

शाहिरी काही निघालं तर तेही ठेव. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ चा, तो निघाला तर मजाच. हा ॲकवर्थ म्हणजे मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर, वडाळ्याचं कुष्ठरोग्यांचं ॲकवर्थ हॉस्पिटल त्याच्याच नावाचं, आणि साहेब फावल्या वेळात पोवाडे जमवायचा, नंतर त्यांची इंग्रजी भाषांतरंही छापली. नाचाचं मात्र फारसं काही सापडणार नाही, आधीच सांगतो. लावण्यांचे संग्रह निघतात पण त्यात शब्दच, पाऊल कसं पडायचं ते कुणी लिहून ठेवलं नाही, ती बायकांची विद्या आणि छापणारे सगळे पुरुष, तेही सोवळे. शास्त्रातला नाच तेवढा छापला, म्हणजे निर्णयसागर छापखान्याचं नाट्यशास्त्र १८९४ चं, आणि पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेचा संगीतरत्नाकर १८९६-९७ चा, दोन खंड, त्याचा शेवटचा सातवा अध्याय आख्खा नर्तनावर. तो ग्रंथ लिहिला गेला देवगिरीला, यादवांच्या दरबारात, त्यामुळे आपलाच म्हणायला हरकत नाही. आणि तंजावरला सरफोजी राजांच्या नावावर नाचासाठीच्या मराठी रचना आहेत, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेल्या, त्यात स्वर, बोल आणि मराठी शब्द असं सगळं भरतनाट्यमच्या लोकांसाठी. मी कितीतरी दिवस शोधतोय, सापडली तर बघ म्हणजे, मिरजेत कशाला सापडेल म्हणा.

हां, इंग्रजी पुस्तकं. तुझ्या फोटोत एक मोठ्या आकाराचं दिसतंय, पाठीवरची अक्षरं उडालीयत. ते जर कॅप्टन डे याचं दक्षिण हिंदुस्थान आणि दख्खनच्या संगीतावरचं पुस्तक असेल, लंडन, १८९१, तर खुर्चीत बसून घे. सातशेच प्रती काढल्या होत्या. वाद्यांची रंगीत चित्रं आहेत, वीणा वगैरे, इतकी सुरेख की काही दुकानदार चित्रं कापून फ्रेम करून वेगळी विकतात, म्हणून आधी चित्रं जागेवर आहेत का ते बघ. तो डे बिचारा बोअर युद्धात मेला, १९०० साली. पण माझं विचारशील तर मला त्यापेक्षा देवलांचं पुस्तक हवंय. कृष्णाजी बल्लाळ देवल, तुमच्या सांगलीचे, रिटायर्ड डेप्युटी कलेक्टर, बावीस श्रुतींवर (सप्तकातल्या बारीक सुरांवर) १९१० ला इंग्रजीत एक छोटंसं पुस्तक लिहिलं. अब्दुल करीम खाँसाहेब त्यांच्यासाठी गायचे आणि हे मोजायचे! मग क्लेमेंट्स नावाचा जज्ज त्यात पडला, श्रुतींची पेटी बनवली, ती घेऊन १९१६ ला बडोद्याच्या संगीत परिषदेत गेले आणि तिथे भातखंड्यांच्या बाजूने काही डाळ शिजू दिली नाही. म्हणजे देवल तुझ्याकडे निघाले तर त्यांचं आणि वरच्या खणातल्या भातखंड्यांचं भांडण, आणि दोघं शंभर वर्षं एका कपाटात नांदतायत असं होईल.

आता ओळखायचं कसं. साल बरेचदा शके असतं, त्यात ७८ मिळव. मुखपृष्ठाच्या मागे '१८६७ चा ॲक्ट २५ प्रमाणे रजिस्टर' असं काहीतरी असेल, तिथेच बहुतेक आवृत्ती आणि छापखाना. कधीकधी लेखकाची सही किंवा शिक्का असतो, कारण सही नसलेली प्रत चोरीची समजावी अशी धमकी छापायचे, तर ती सही खरी शाईची आहे का बघ. मागच्या जाहिराती फाडू नकोस, पेटीवाल्यांच्या जाहिरातींत सुरांची आणि किमतींची यादी असते आणि ती वाचण्यात माझी संध्याकाळ जाते. कसर लागलेली वेगळी काढ. सेलोटेप अजिबात नाही, थोड्या वर्षांत गोंद तपकिरी होतो आणि अक्षरंच घेऊन निघतो. उन्हात वाळत घालू नकोस, तो कागद आधीच आंबट आहे, उन्हाने बिस्किटासारखा होईल. जुन्या लोकांसारखी वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेव, पंख्याखाली एकेक उघडून ठेव, बास. जिवंत किडे दिसले तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये ठेवतात काही दिवस, पण ते काकूंना विचारल्याशिवाय करू नकोस, मासे असतील तिथे.

पैशाचं विचारलंयस. खरं सांगतो, पद्यांच्या पुस्तिकांचे काही मिळणार नाहीत, डे असेल तर बरे मिळतील, भातखंड्यांच्या मराठी पहिल्या आवृत्तीला घेणारे आहेत पण ते घासाघीस फार करतात (मीही करतो). विकायचंच असेल तर सुटं सुटं विकू नकोस, आणि द्यायचंच असेल तर एखाद्या चांगल्या ग्रंथसंग्रहालयाला दे, पण आधी विचार की तुम्ही पातळ पुस्तिका रजिस्टरला नोंदवता का, कारण काही ठिकाणी जाड तेवढं कपाटात जातं आणि बाकीचं परत रद्दीतच. सुतळी कापू नकोस, सोड. मग प्रत्येकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून पाठव, कॅमेरा सरळ धर, मागच्या वेळी सगळ्या फोटोंत तुझा अंगठाच होता. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघू शकतो मी, काकूंना म्हणावं एका माणसाचा डबा जास्त टाका.

तुझा,
बाळ्या

ता.क. लाहोरचं काही निघालं तर ते विकायच्या यादीत धरू नकोस, ते मी आधीच माझं मानलंय.