पहिलं घर: आधी भिंत, मग उजेड, फर्निचर पावसाळ्यानंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लग्नसराई आणि नव्या घराचा ताबा या दोन्ही गोष्टी पुण्यात बहुधा लागोपाठ येतात. पाडवा किंवा अक्षय्य तृतीया गाठून किल्ल्या मिळतात आणि वैशाखात लग्न झालेलं जोडपं जूनच्या आत घर लावून व्हावं म्हणून धावपळ करतं. वृत्तपत्रांच्या वास्तुपुरवण्यांत सजलेल्या घरांची सुंदर छायाचित्रं असतात, पूर्ण घराच्या पॅकेजच्या जाहिराती असतात. पण हातात जेमतेम लाखभर रुपये आणि डोक्यावर गृहकर्जाचा हप्ता असलेल्या दोघांनी पहिला रुपया कुठे घालावा, हे कुणी सांगत नाही. घरांच्या आतल्या कामाशी रोजचा संबंध असल्यामुळे ते जरा तपशिलात लिहिते आहे.

मुख्य मुद्दा असा की, भिंतीत ठोकून बसवायचं कुठलंही फर्निचर घराने पहिला पावसाळा काढल्याशिवाय करू नये. मे महिन्यात पुण्यातली प्रत्येक भिंत कोरडी दिसते. पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, बाहेरच्या गिलाव्यातल्या केसाएवढ्या भेगांतून पाणी आत झिरपतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये आतून पोपडे सुटतात, पांढरे क्षार फुलतात. तोवर त्याच भिंतीला टेकवून सात फुटी कपाट बसवलेलं असेल तर मागच्या प्लायवर बुरशी धरते, कपड्यांना कुबट वास येतो आणि भिंत दुरुस्त करायला कपाट उकलावं लागतं. मजुरी दोनदा जाते आणि उकललेलं कपाट पहिल्यासारखं बसत नाही.

ओलीची शंका असेल तर दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावून पूर्ण एक दिवस ठेवावं. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब साचले तर ओल भिंतीतली आहे. खोलीकडच्या बाजूला साचले तर ती हवेतली आर्द्रता. पश्चिमेची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि खिडकीच्या खालचे कोपरे अशा तिन्ही ठिकाणी हे करून पाहावं.

भिंत ओली निघाली तर रंगारी बोलवायची घाई करू नये. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या स्थावर संपदा कायद्याच्या (2016) कलम 14(3) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं विकसकावर बंधनकारक आहे. म्हणून आधी तारखेसह फोटो काढावेत, लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. ओलीवर वॉटरप्रूफ रंग फासला की डाग वर्षभर झाकला जातो, तक्रारीचा पुरावा मात्र आपल्याच हाताने पुसला जातो. सजावटीतलं सर्वांत स्वस्त काम म्हणजे हा अर्ज, आणि नेमकं तेच राहून जातं.

रंगाविषयी. नव्या सदनिकेला विकसकाने पुट्टी आणि डिस्टेंपर दिलेलंच असतं. भिंतीवरून तळहात घासून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर त्या थरावर चांगला रंग टिकणार नाही, वर्षभरात सालीसारखा सुटेल. असा थर ओल्या फडक्याने आणि घासपेपरने काढून, प्रायमरचा एक हात देऊनच पुढे जावं. भुकटी लागत नसेल तर सगळं घर रंगवण्याची गरजच नाही. हॉलमधली एक भिंत आणि झोपायच्या खोलीतली एक एवढ्यावर घराचं रूप बदलतं. दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे 95 चौरस फूट. गुळगुळीत भिंतीवर चांगलं इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) दोन हातांना लिटरमागे साधारण 120 चौरस फूट जातं, म्हणजे एका भिंतीला एक लिटर पुरतं. दुकानदार चार लिटरची बादली पुढे करतो, ती घेऊ नये. छटा मात्र कागदी पट्टीवरून ठरवू नये. छोटा नमुना डबा घेऊन भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवावा आणि सकाळी, दुपारी व दिवा लावून असा तीनदा पाहावा. रंगारी काम लवकर उरकायला इमल्शनमध्ये वाजवीपेक्षा जास्त पाणी घालतात. मग दोन हातांनंतरही खालची छटा दिसत राहते आणि तिसऱ्या हाताचे पैसे मागितले जातात. डब्यावर पाण्याचं प्रमाण छापलेलं असतं, ते समोर उभं राहून मोजून घालायला लावावं. पुट्टीचंही तेच. एकदा कालवलेली सिमेंटची पुट्टी दोन-तीन तासांत वापरून संपवायची असते. ती घट्ट झाल्यावर पुन्हा पाणी घालून मऊ केली तर वाळल्यावर भुसभुशीत होते.

यानंतर भिंतीला भोक पाडण्याचा विषय. तो किरकोळ वाटतो, पण नव्या घरात सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. भिंत कशाची आहे ते ड्रिलमधून पडणाऱ्या भुशावरून कळतं. पहिला पाऊण इंच गिलावा असतो, तो सोडून द्यावा. त्यापुढे लालसर भुसा आला तर वीट. पांढुरकी, हलकी भुकटी आली आणि ड्रिल लोण्यात घुसावं तसं आत गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे हलका ब्लॉक. ड्रिल अडलं आणि करडी पूड आली तर काँक्रीट. मायवान पद्धतीच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून उभ्या केलेल्या इमारतीत जवळपास सगळ्याच भिंती काँक्रीटच्या आणि बहुतेक भार पेलणाऱ्या असतात. तिथे भोक चालतं, पण वायर लपवायला खाच पाडणं किंवा भिंत फोडणं अजिबात चालत नाही. विटेत 8 मिलिमीटरचा प्लग आणि दोन इंची स्क्रू बहुतेक कामांना पुरतो. सिपोरेक्समध्ये मात्र हाच प्लग महिन्याभरात गरगर फिरायला लागतो. तिथे ड्रिलचा हातोडा (ठोके देत फिरण्याची सोय) बंद ठेवून भोक पाडायचं, फुंकून भुसा काढायचा आणि हलक्या ब्लॉकसाठी मिळणारा लांब नायलॉनचा प्लग वापरायचा. हातोडा चालू राहिला तर भोक आतून कोरलं जाऊन मोठं होतं. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीही भोक पाडू नये, वायरीच्या नळ्या तिथूनच जातात.

हे सगळं सांगायचं कारण स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी. मॉड्युलर किचन परवडत नाही म्हणून खट्टू व्हायचं काहीच कारण नाही. स्टीलची मांडणी, ओट्याखाली दोन-तीन स्टीलच्या ट्रॉल्या आणि डब्यांसाठी एक फळी एवढ्यावर दोघांचं स्वयंपाकघर उत्तम चालतं. उलट स्वस्तातल्या मॉड्युलरमध्ये सिंकखालचं पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन पावासारखं फुगतं. फक्त ताटं, वाट्या, पातेली भरलेली मांडणी चांगलीच जड होते. सिपोरेक्सच्या भिंतीवर ती नुसती टांगू नये. मांडणीचे खालचे पाय ओट्यावर टेकवावेत आणि वरच्या दोन स्क्रूंनी ती पुढे कलणार नाही एवढाच आधार द्यावा. भार ओट्यावर, भिंतीवर नाही. असली मांडणी आणि ट्रॉल्यांचं सामान तुळशीबागेत आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हाताळून, पत्र्याची जाडी पाहून घेता येतं. फोटो पाहून मागवू नये.

पडद्यांचा हिशेब नीट मांडते, कारण शिंपी आणि दुकानदार दोघेही तो गुंतागुंतीचा करतात. खिडकी चार फूट रुंद धरू. दांडी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त, म्हणजे 60 इंच. चुण्या भरगच्च पडायला कापडाची रुंदी दांडीच्या दुप्पट हवी, म्हणजे 120 इंच. कापडाचा पन्हा 48 इंच असेल तर तीन पट्टे लागतात. दोन पट्ट्यांत भागवलं तर पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. दांडीपासून जमिनीपर्यंत सात फूट आणि वर-खाली दुमडायला दहा इंच धरले तर एका पट्ट्याला 94 इंच, म्हणजे जवळपास 2.4 मीटर. तीन पट्ट्यांचे 7.2 मीटर. नवं सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून साडेसात मीटर घ्यावं आणि शिवायच्या आधी भिजवून वाळवावं.

आता घरातल्या आजीची जुनी सुती नऊवारी काढून पाहा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. तिचे आडवे तीन तुकडे केले की बरोबर तीन पट्टे निघतात, प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही उभ्या कडांना काठ आयते येतात आणि साधारण मीटरभर कापड उशांच्या अभ्र्यांना उरतं. वर्षानुवर्षं धुतलेली असल्याने ती आणखी आटायची भीती नाही. मधला पट्टा उभा चिरून दोन्हीकडे वाटू नये, काठ जातो. एका बाजूला दोन पट्टे, दुसऱ्या बाजूला एक, असंच लावावं. जर्जर जागा उजेडाकडे धरून आधीच शोधाव्यात. रेशमी साडी मात्र खिडकीत लावू नये, उन्हाने रेशीम कुजतं आणि घड्यांवर फाटतं. पश्चिमेच्या खिडकीला मागून मांजरपाटाचं अस्तर हवंच. पण ते कोरं मांजरपाट दोनदा धुऊन मगच जोडावं, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि पडदा खालून गोळा होतो. दांडी पाच फुटांची किंवा त्याहून लांब असेल तर मध्ये तिसरा ब्रॅकेट द्यावा, नाहीतर ती वाकते.

उजेडावर लोक फार कमी विचार करतात, आणि घर उदास वाटण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं. दहा बाय बाराच्या खोलीला 9 वॅटचे दोन एलईडी दिवे, दोन वेगळ्या जागी, एका 18 वॅटच्या दिव्यापेक्षा कितीतरी बरे. एका दिव्याने स्वतःचीच सावली कामावर पडते. हॉल आणि झोपायच्या खोलीत 3000 केल्विनचा (हा उजेडाच्या छटेचा आकडा) उबदार दिवा, स्वयंपाकघरात 4000 चा. एकाच खोलीत पिवळा आणि 6500 चा निळसर पांढरा एकत्र लावू नये, नुकताच दिलेला रंग मळकट दिसतो. ओट्यावर काम करताना दिवा पाठीमागे असतो, म्हणून फळीच्या खालच्या कडेला एक एलईडी पट्टी लावावी. हे सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सुटं मिळतं. 2000 वॅटचं इंडक्शन जवळपास 9 अँपिअर ओढतं. ते साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर चालवलं तर प्लग वितळू शकतो. त्याला 16 अँपिअरचाच सॉकेट हवा.

पावसाळा संपेपर्यंत बसायचं कशावर? बैठकीवर. सहा फूट बाय अडीच फुटांच्या, चार इंची दोन गाद्या, लोड, तक्के आणि वर सोलापुरी चादर. पाहुणे आले की त्याच गाद्यांवर झोपायची सोय होते. एकच काळजी घ्यावी. गादी थेट फरशीवर ठेवली तर पावसाळ्यात खालून बुरशी धरते, म्हणून खाली लाकडी पट्ट्यांची चौकट असावी आणि आठवड्यातून एकदा गादी उभी करावी. खरा खर्च रोजच्या झोपेच्या गादीवर करावा. फोमची घेणार असाल तर घनता विचारावी. घनमीटरला 32 किलोपेक्षा कमी असेल तर दोघांच्या वजनाने ती लवकर मधोमध बसते.

पलंग घेण्याआधी त्याच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद फरशीवर पसरून दोन दिवस वावरून पाहावं. दहा फूट रुंदीच्या खोलीत सहा फुटी पलंग आणि दोन फूट खोल कपाट ठेवलं तर दोनच फूट उरतात. कपाटाचं दार पलंगाला अडतं. पाच फुटी पलंगाने तीन फूट मिळतात, आणि या एका फुटावर रोजची अडचण टळते.

मंगळवार पेठेतल्या बुधवारच्या आणि रविवारच्या जुन्या बाजारात सागवानी टेबल-खुर्ची मिळाली तर नव्या पार्टिकल बोर्डपेक्षा दहापट टिकाऊ. उलटं करून सांधे पाहावेत. पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर आत भुंगा आहे, ती वस्तू घरात आणू नये. चांगली निघाली तर 80, 120 आणि 220 नंबरच्या घासपेपरने क्रमाने घासून लाखेचं पॉलिश करावं. हे काम ऑक्टोबरनंतरच करावं, दमट हवेत पॉलिश पांढरट पडतं.

घर भाड्याचं असेल तर भिंतीचा नाद सोडून दिवे, पडदे, गादी आणि बैठक एवढंच करावं. अकरा महिन्यांनी सगळं बरोबर नेता येतं. राहायला जाण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो मालकाला पाठवून ठेवावेत आणि भोकं पाडायची परवानगी लेखी घ्यावी. अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापण्याचा वाद तिथेच मिटतो.

शेवटी दोन विनंत्या. विकसकांनी गिलाव्याआधी भिंतीतल्या वायरी आणि नळांचे फोटो काढून ताब्याच्या कागदपत्रांबरोबर द्यावेत. साइटवरच्या कुणालाही ते मोबाइलवर काढता येतात, आणि घर घेणाऱ्याने करारनाम्याच्या वेळीच ते मागून ठेवावेत. आणि आपण वास्तुपुरवणीत दर मे महिन्यात एक पान पावसाळ्याआधी भिंत कशी तपासावी यासाठी राखून ठेवावं, तक्रार अर्जाच्या नमुन्यासह.

आपली नम्र,
एक गृहसजावटकार,
कोथरूड, पुणे