फासे दिसले म्हणून घाबरू नका

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी दुपारी चारला चारजण आपल्याकडे खेळायला येतील, आठपर्यंत बसतील. शेजारी विचारणारच, म्हणून आधी तुम्हाला सगळं नीट सांगते.

खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली तो काढला. एकजण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. बाबा, पेडण्याकडच्या दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद नट रंगमंचावरच रचतात ना, तसंच हे. फरक एवढाच, की इथे शेवटही आधी ठरलेला नसतो आणि बघायला प्रेक्षक नसतात.

फाशांचं मात्र आधीच सांगून ठेवते, कारण मांडवीतल्या कॅसिनोंमुळे आपल्याकडे फासा म्हटलं की जुगारच डोळ्यांपुढे येतो. इथे पैसे लागत नाहीत, कुणी जिंकत नाही, हरत नाही. एका संचात सात फासे: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा एकेक, दहा बाजूंचे दोन. मुख्य काम वीसवाल्याचं. समजा, माझ्या पात्राला किल्ल्याची भिंत चढायची आहे. डीएम म्हणतो, फाशावरचा आकडा आणि पात्राचे जादा गुण मिळून पंधरा हवेत. पात्राची ताकद १६, तिचे +३. चढण्याचा सराव आहे, त्याचे +२. म्हणजे फाशावर दहा किंवा वर पडलं की चढलो. नऊ पडलं तर? पाय घसरतो, खालचा पहारेकरी जागा होतो, आणि खरी मजा तिथून पुढे.

मावशीने विचारलं तर नियम सांगत बसू नकोस, आई. राक्षस, जादूगार यांच्यापासून सुरुवात केलीस तर ती पोथीच मिटेल. ‘मिळून गोष्ट रचतात, अडलं की फासा टाकतात’ एवढं पुरे. तरीही पटलं नाही, तर तिच्याच हातात फासा दे आणि भिंत चढायला सांग. १९८०च्या दशकात अमेरिकेतही या खेळाला सैतानपूजा म्हणून लोकांनी झोडपलं होतं, त्यामुळे कुणी नाक मुरडलं तर मला नवल वाटणार नाही.

तयारी फार नाही. जेवणाचं टेबल, पाच खुर्च्या. एका परातीत जाड कापड अंथरून ठेव, म्हणजे फासे कपाटाखाली पळणार नाहीत. चार बाजूंचा खाली पडला तर सापडेपर्यंत अनवाणी फिरू नका. तो कसाही पडला तरी टोक वरच. खायला चुरमुरे किंवा काजू चालतील, भजी नकोत. पात्रांचे कागद आम्ही पेन्सिलीने लिहून दर वेळी खोडतो; तेल लागलं की त्यावर पेन्सिल उमटत नाही. पावसाळ्यात तर ते कागद नुसत्या हवेनेच मऊ पडतात, म्हणून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलेत. ते आवरायला घेऊ नका.

आणि एक. मी खेळते हे कुणालाही खुशाल सांगा. बाकीच्यांची नावं मात्र सांगू नका, फोटोही कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. काहींनी अजून स्वतःच्या घरी सांगितलेलं नाही, आणि ते कधी सांगायचं हे त्यांचं त्यांनी ठरवायचं.

तुमची,
बाय