पोटविकारांचे शिक्षण रुग्णाच्या तक्रारीपासून सुरू व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांना प्रशिक्षणवर्गांत पोटाचे विकार प्रत्यक्ष रुग्णांच्या उदाहरणांवरून शिकवावेत, हे आता बहुतेकांना पटलेले असले, तरी ती उदाहरणे कोणती असावीत याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे मला वाटते. शिकवणारे पोटविकारतज्ज्ञ असल्यामुळे साहजिकच एंडोस्कोपीची (दुर्बिणीने केलेल्या तपासणीची) चित्रे आणि दुर्मीळ निदाने पुढे येतात. फॅमिली डॉक्टरकडे येणारा रुग्ण मात्र ‘पोटात जळजळतंय’ एवढेच सांगतो, किंवा पोटाचे नावही काढत नाही.

साठीच्या एका गृहस्थांना थकवा येतो, तपासणीत हिमोग्लोबिन व लोह दोन्ही कमी निघतात, लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढते आणि सर्वांचेच समाधान होते. उदाहरण इथेच थांबवून, पुढचा कोणताही अहवाल न दाखवता, ‘लोह गेले कुठे?’ असे उपस्थितांना विचारले पाहिजे. या वयाच्या पुरुषात लोहाची कमतरता आढळली, तर जठरातून किंवा मोठ्या आतड्यातून नकळत रक्तस्राव होत असण्याची, प्रसंगी त्यामागे कर्करोग असण्याची शक्यता तपासावीच लागते. गोळ्यांनी आलेला गुण हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. निदान आधीच शीर्षकात छापले, तर हा विचार कोणी करणार नाही.

दुसरे उदाहरण ओमेप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्या रुग्णाचे घ्यावे. ती गोळी चालू असताना केलेली हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी जंतू असूनही नकारात्मक येऊ शकते, म्हणून गोळी तपासणीच्या किमान दोन आठवडे आधीपासून बंद ठेवावी लागते, हे अशा रुग्णावरून शिकले की विसरत नाही. वरच्या पोटातील दुखण्याचे एखादे उदाहरण हृदयविकाराच्या झटक्याचेही असावे. विषय पोटाचा म्हणून ते बहुधा वगळले जाते, दवाखान्यात मात्र ‘ॲसिडिटी’ म्हणून तेच येऊन बसते.

शिवाय ज्यात काहीही न करणे योग्य ठरले, असा रुग्णही मांडला जावा. आतड्याच्या क्षोभाची (मुरडा, जुलाब किंवा बद्धकोष्ठ अशी) लक्षणे असलेल्या तरुण व्यक्तीचे वजन घटत नसेल, शौचातून रक्त जात नसेल आणि रक्ताच्या मोजक्या तपासण्या ठीक असतील, तर तिला तपासण्यांच्या फेऱ्यांतून वाचवणे हेदेखील कौशल्यच आहे. अशी उदाहरणे तज्ज्ञांकडे फारशी पोहोचत नाहीत. म्हणून निम्मी तरी उदाहरणे फॅमिली डॉक्टरांनीच मांडावीत आणि तज्ज्ञांनी त्यांवर भाष्य करावे, अशी व्यवस्था आयोजकांनी करावी.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर