पुण्याच्या फुटबॉल लीगचे जुने कागद वाचवायचे आहेत : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये पेठेतला एक जुना वाडा पुनर्विकासाला गेला. तिथे राहणारे काका आमच्या क्लबचे कित्येक वर्षे चिटणीस होते. काका गेले, मुले परगावी, आणि घर रिकामे करायला हातात जेमतेम आठवडा. आम्हाला कळून आम्ही पोचलो तोवर माळ्यावरची दोन पोती रद्दीत गेली होती. रद्दीवाल्याकडे धावलो, तर माल आदल्या दिवशीच पुढे गेलेला. मागे राहिली एक पत्र्याची ट्रंक, तीही कुलूप गंजल्यामुळे कुणाला उघडता आली नाही म्हणून. तिच्यात लीगच्या नोंदींच्या चार वह्या, सायक्लोस्टाइल केलेली फिक्श्चर म्हणजे सामन्यांची वेळापत्रके, खेळाडूंचे रजिस्ट्रेशन फॉर्म आणि एक ग्रुप फोटो निघाला.

त्या दिवशी आम्ही ठरवले की आता पोती रद्दीत जायची वाट बघायची नाही, आपणच घरोघरी जायचे. आम्ही म्हणजे काही जुने खेळाडू, दोन निवृत्त पंच आणि आजच्या लीगमध्ये खेळणारी सात-आठ मुले. पुण्यातल्या हौशी फुटबॉल लीगचे कागद, फोटो आणि आठवणी गोळा करून, स्कॅन करून, सगळ्यांना बघता येतील अशा ठेवायच्या, एवढे एकच काम घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो आहोत.

आधी त्या फोटोबद्दल सांगतो. अकरा जण, मागे पत्र्याची शेड, पुढे मधोमध चामड्याचा चेंडू. चेंडूची वादी कॅमेऱ्याकडे आहे, त्यामुळे ती कशी आवळून बांधली आहे तेही दिसते. आमच्यातले ज्येष्ठ पंच फोटो बघताच म्हणाले, पावसात हा चेंडू पाणी पिऊन दगड व्हायचा आणि हेड मारताना वादी लागली की कपाळावर वळ उठायचा. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहिली आहेत. एका कोपऱ्याला कसर लागली आहे. तिथे फक्त ‘…कर, लेफ्ट आउट’ एवढेच उरले आहे. डाव्या टोकाला पुढे खेळणारे हे कोणते ‘कर’, हे आम्हाला अजून सापडलेले नाही. कुणाचे तरी वडील किंवा आजोबा असतील. त्यांच्या घरी हे आवाहन पोचावे, अशी मनापासून इच्छा आहे.

वह्यांमध्ये तर एक अख्खे जग आहे. राइट हाफ, सेंटर हाफ, इनसाइड लेफ्ट या जागा आजच्या मुलांनी ऐकलेल्याही नाहीत. एक मुलगा गुणतक्ता टाइप करत होता. तो म्हणाला, काका, यांची बेरीज सगळीकडे चुकली आहे. चूक कुठेच नव्हती. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळायचे. विश्वचषकात विजयाला तीन गुण द्यायला सुरुवात झाली ती १९९४ पासून. एका पानावर पंचांनी लिहिले आहे, ‘त्रेसष्टाव्या मिनिटाला सामना थांबवला. गोलासमोर घोट्यापर्यंत पाणी. दोन्ही कॅप्टनची सही घेतली.’ खाली दोन सह्या आहेत आणि एकीवर चिखलाचा अंगठा उमटला आहे. जुलै-ऑगस्टच्या तारखा आणि पाऊस पानोपानी आहेत.

पुण्यात हा खेळ आला तो लष्कराच्या वाटेने. कॅम्प आणि खडकीच्या छावण्यांमध्ये गोऱ्या पलटणी खेळायच्या. मुंबईच्या रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेची सुरुवात १८९१ मध्ये झाली आणि पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. तेव्हा सबंध मुलखात फुटबॉल म्हणजे पलटणींचाच खेळ होता. मुंबईत १९०२ साली हारवुड लीग सुरू झाली, १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. हे सगळे नोंदले गेले, कारण मुंबईला इंग्रजी वर्तमानपत्रे होती आणि मोठे कप होते. रोव्हर्स कपही २०००च्या सुमारास बंद पडला, पण त्याच्या विजेत्यांची यादी आज कुणालाही मिळते. आपल्या जिल्ह्याच्या लीगमध्ये अमक्या साली कोण पहिले आले, हे मात्र ज्याच्या घरी वही असेल त्यालाच ठाऊक.

आणि खेळणारे तरी कोण होते? ॲम्युनिशन फॅक्टरीतली पाळी संपवून सायकलवर बूट अडकवून येणारे, रेल्वेतले, बँकेतले, कॉलेजची मुले, कॅम्पातल्या मिशनरी शाळांत खेळ शिकलेले. खडकीचा गोवन सेंटर फॉरवर्ड, नाना पेठेतला मुसलमान कीपर आणि सदाशिव पेठेतला बॅक एका संघात असायचे. पुण्याच्या पेठा आणि पुण्याचे लष्कर एरवी एकमेकांच्या वाटेला फारसे जात नसत, त्या काळात ही माणसे आठवड्यातून दोनदा एका मैदानावर घाम गाळत होती. आमच्या मते हा या शहराचाच इतिहास आहे, म्हणून त्याची इतकी तळमळ.

आमच्या क्लबपाशी १९६१ च्या आधीचे काहीही नाही. कारण पुणेकरांना सांगायला नको. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटले तो दिवस. भारत इतिहास संशोधक मंडळातले दप्तरसुद्धा त्या पुरात भिजले, तिथे क्लबच्या कपाटाची काय कथा! म्हणून त्याआधीचा एखादा फोटो, वर्तमानपत्राचे कात्रण, मेडल, ज्या घरांना पाणी लागले नाही अशा घरांत असेल तर तो आमच्यासाठी सोन्याइतका मोलाचा आहे.

मधल्या काळात पुण्याच्या फुटबॉलला मोठे दिवसही आले. २००७ मध्ये पुणे एफसी हा व्यावसायिक संघ निघाला आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, दुसरा आला. बालेवाडीला आम्ही सगळे ओरडून घसा बसवून घेत होतो. डीएसके शिवाजियन्स आय-लीग खेळला, भारत एफसी एक हंगाम खेळला, २०१४ पासून एफसी पुणे सिटी इंडियन सुपर लीगमध्ये होता. २०१५ मध्ये पुणे एफसी गेला आणि २०१९ पर्यंत बाकीचेही गेले. एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. तेव्हापासून ‘पुण्यात फुटबॉल संपला’ असे सर्रास ऐकू येते. हे आम्हाला सहन होत नाही. ते संघ येण्याआधी लीग होती, ते असताना होती, ते गेल्यावरही आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पण तयार झाला बालेवाडीची क्रीडा प्रबोधिनी आणि पुणे एफसीची अकादमी इथे. खेळाडू घडवणारे शहर आपले आहेच, फक्त आपण लिहून ठेवत नाही.

कोल्हापूरचे नाव निघालेच आहे तर तेही बोलतो. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या संघांच्या सामन्याला अख्खी पेठ लोटते आणि कुणाच्या आजोबांनी कधी कुणाला गोल मारला हे चहाच्या टपरीवर पाठ असते. तिथे लोकांच्या तोंडीच दप्तर आहे. आपल्याकडे गर्दी नसते, म्हणून आपल्याला कागदच जपावा लागणार.

आता काय हवे ते सांगतो.

सगळ्यात आधी कागद. लीगच्या वह्या, स्कोअरशीट, फिक्श्चर, ओळखपत्रे, फोटो, स्मरणिका, जर्सी, काहीही चालेल. आम्ही मूळ वस्तू ठेवून घेणार नाही. पोच देऊन नेऊ, स्कॅन करू आणि पंधरा दिवसांत घरी आणून देऊ. फाटलेले, चिकटलेले, ओले झालेले कागद स्वतः सोडवायला जाऊ नका, तसेच द्या.

दुसरे म्हणजे आवाज. आमच्या यादीत ऐंशीच्या पुढचे चौदा खेळाडू आहेत. यादी केली तेव्हा सतरा होते. त्यांच्या घरी जाऊन तासभर रेकॉर्डिंग करायला मोबाइल आणि धीर असलेली माणसे हवीत. मराठी, हिंदी, इंग्रजी, कोंकणी, यांपैकी जी येते ती पुरे. मोडी वाचणारे कुणी असेल तर फारच उत्तम, कारण एका वहीतला जमाखर्च मोडीत आहे.

आणि तिसरे अर्थातच पैसे. वर्षभराच्या कामाला आम्ही १,८०,००० रुपयांचा अंदाज धरला आहे. त्यात पुस्तक न दाबता वरून फोटो घेणारा स्कॅनर, कागद ठेवायच्या पेट्या, दोन विद्यार्थ्यांचे मानधन आणि एक छोटे प्रदर्शन बसते. आमच्यातच फिरून ४२,००० जमले आहेत. शंभर रुपयेही आनंदाने घेऊ आणि पावती देऊ. देणगीवर मिळणारी आयकराची सवलत मात्र आमच्याकडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जमाखर्चाचा कागद दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मैदानावर लावला जाईल, कुणीही येऊन तपासावा.

या हंगामात लीगचे सामने असतील त्या दिवशी पंचांच्या टेबलाशेजारी आमचे एक टेबल असेल, निळ्या ताडपत्रीखाली. पाऊस असला तरी आम्ही बसलेले असू. ज्येष्ठांना येणे जमत नसेल तर टेबलावर घरचा पत्ता देऊन ठेवा, मुले येऊन भेटतील.

येताना फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा, आणि मागे पेन्सिलीने काही लिहिलेले असेल तर ते पुसू नका.

आपले,
संकलनाच्या कामातले सगळे जुने-नवे खेळाडू आणि पंच, पुणे