काकांना सांग, तरीही दाबायचंच

परळ, मुंबई

प्रिय सुन्या,

सोसायटीत सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून त्याला वाचवायचं, शिबिर ठेवताय, झकास. आणि छाती दाबून यकृत फाटतं अशी हूल उठवणारे तुमचे ते काका अगदीच खोटं बोलत नाहीयेत, हीच तर गंमत आहे.

बरगड्या मोडणं आम्ही डॉक्टर धरूनच चालतो. मिनिटाला 100 ते 120 वेळा, छाती 5-6 सेंटीमीटर आत. म्हातारी हाडं किती टिकणार? पोटातली इजा मात्र क्वचित होते, म्हणूनच नजरेतून सुटते. मध्यंतरी एक गृहस्थ आले. लोकलमधून उतरताना कोसळलेले, फलाटावर कुणीतरी छाती दाबून वाचवलेले. ॲंजिओप्लास्टी झाली. संध्याकाळी बीपी पडायला लागलं. सगळ्यांचा संशय हृदयावरच. पण हिमोग्लोबिनही घसरलं होतं आणि पोट हाताला ताणलेलं लागत होतं. खाटेपाशीच सोनोग्राफी केली, तर यकृताच्या कडेने काळी पट्टी. रक्त! यकृताचा डावा भाग (लोब) फाटला होता. तो छातीच्या हाडाच्या टोकामागेच असतो, हात खाली घसरला की तोच सापडतो. एरवी अशी बारीक चीर आपली आपण थांबतेही, पण ॲंजिओप्लास्टीमुळे रक्त पातळ करणारी औषधं चालू असली की ती वाहतच राहते. पोट उघडून पॅकिंग केलं, म्हणजे जखमेभोवती कापडाच्या घड्या दाबून बसवल्या. वाचले गृहस्थ. कधी प्लीहाही (स्प्लीन) अशीच फाटते.

जठराची तऱ्हा वेगळी. तोंडाने किंवा अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दणादण हवा भरली की ती जठरात शिरते, पोट ढोलासारखं फुगतं आणि वरून दाब आला की जठर बहुधा आखूड कडेला फुटतं. मग पोटात मोकळी झालेली हवा श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) वर रेटते आणि फुप्फुसंच फुगेनाशी होतात. म्हणून श्वास एक सेकंदाचाच, छाती जेमतेम उचलेल एवढाच. जमत नसेल तर मोठ्या माणसाची नुसती छाती दाबत राहिलं तरी चालतं.

तुला आवडेल असं एक सांगतो. छाती दाबायची ही पद्धत 1960 साली जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी मांडली. त्यातला कौवेनहोवेन तुझ्याच जातकुळीचा, इलेक्ट्रिकल इंजिनिअर! त्याआधी छाती चिरून हृदय हातानेच दाबायचे.

काकांना विचार, हृदय बंद पडलेल्याने शाबूत यकृत घेऊन करायचं काय? यकृत आम्ही शिवू. तू फक्त सरावाच्या पुतळ्यावर प्रत्येकाकडून हाताची जागा घोटून घे: छातीच्या हाडाचा खालचा अर्धा भाग, टोक सोडून. आणि वाचलेल्याचं पोट दुखतंय, फुगलंय असं दिसलं तर घरच्यांनी डॉक्टरांना ‘छाती दाबली होती’ हे आवर्जून सांगायचं.

शिबिराची तारीख कळव. ड्युटी नसेल तर येतोच. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या