पोटरीतला गोळा आणि चमचाभर मीठ

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मॅरेथॉनच्या तयारीबद्दल एक चौकट होती, त्यात "पायात गोळे येऊ नयेत म्हणून पळायच्या आधी चमचाभर मीठ पाण्यातून घ्या" असं छापलंय, ते वाचून राहवेना म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, बँकेत कॅशला बसतो, वय ५३, अकरा वर्षं पळतोय. आणि हा चमचाभर मिठाचा उद्योग मी स्वतः करून बसलोय.

मुंबई मॅरेथॉनची फुल होती, म्हणजे पूर्ण ४२ किलोमीटरची. पहाटे निघताना ग्लासभर कोमट पाण्यात शिगोशीग चमचा मीठ ढवळून प्यायलो, वर खिशात मिठाच्या कॅप्सूल, आमच्या ग्रुपमधल्या एका अनुभवी माणसाने दिलेल्या. मरीन ड्राइव्ह संपायच्या आत पोटात ढवळायला लागलं आणि कठड्याशी वाकून सगळं मीठ अरबी समुद्राला परत केलं (त्याला काय कमी होतं). तरी कॅप्सूल घेत राहिलो, तासाला दोन. आणि परतीच्या वाटेवर, हाजी अलीवरून पेडर रोडचा चढ सुरू झाला तिथे, पस्तीस किलोमीटर होऊन गेलेले, डाव्या पोटरीत कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं झालं, मी दुर्लक्ष केलं, आणि मग दगड. पाय टेकवेना. फुटपाथवर एक आजी संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या नातवाने तळहातावर मीठ पुढे केलं, "काका, चाटा". चाटलं. काही नाही. शेवटी बंदोबस्ताचा एक हवालदार आला, म्हणाला खाली बसा, गुडघा सरळ ठेवा, आणि माझा बूट धरून चवडा माझ्याकडे दाबून धरला. अर्ध्या मिनिटात गोळा सुटला. म्हणाला, मी कबड्डी खेळायचो साहेब, आमच्याकडे मीठबीठ नसायचं.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न, की पाय ताणण्यात मीठ कुठे आहे? अंगात मीठ कमी पडल्याने गोळा आला असेल तर नुसतं ताणून तो जाईलच कसा? आणि रक्त तर सगळीकडे एकच फिरतंय, मग वांब पोटरीला किंवा मांडीच्या मागेच का येतो, दंडाला, मानेला, जबड्याला का नाही? तर जे स्नायू तीन-चार तास राबलेत तेच अडकतात. मग वाचत गेलो.

घाम खारट लागतो म्हणून आपल्याला वाटतं रक्तातलं मीठ वाहून चाललंय. पण रक्ताच्या पाण्यात लिटरला साधारण १४० मिलिमोल सोडियम असतं आणि घामात माणसागणिक २० ते ८०, म्हणजे घाम रक्तापेक्षा पातळ. त्यामुळे नुसता घाम जात राहिला तर रक्त उलट जास्त खारट होतं. ते पातळ कधी होतं, तर वरून पाणी ढोसत राहिलं की. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला टू ओशन्स म्हणून ५६ किलोमीटरची अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यत असते, तिथल्या पळणाऱ्यांचं रक्त तपासून मार्टिन श्वेलनस ह्या खेळाडूंच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये निष्कर्ष छापले, की गोळे आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या रक्तातल्या क्षारांत, पाण्याच्या प्रमाणात असा काही फरकच नाही ज्याने गोळ्याचं कारण कळावं. त्यांचं म्हणणं असं की थकलेल्या स्नायूला "आवळ" सांगणारे मज्जातंतू जोरात चालतात आणि "सोड" सांगणारे, जे स्नायूच्या टोकाशी कंडरेत बसलेत, ते मंदावतात. स्नायू ताणला की हे सोड सांगणारे जागे होतात. हवालदाराने तेच केलं.

म्हणजे मीठवाली गोष्ट हवेतूनच आली का, तर नाही, आणि हे सांगायलाच पाहिजे. १९३२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत बोल्डर धरणाचं, म्हणजे आताचं हूवर धरण, काम चालू होतं, तिथल्या मजुरांना भयंकर पेटके यायचे, हार्वर्डच्या फटिग लॅबोरेटरीची, म्हणजे थकव्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेची माणसं तिथे जाऊन राहिली, त्यांच्या लक्षात आलं की हे लोक दिवसचे दिवस त्या भट्टीत घाम गाळतायत, वरून नुसतं पाणी पितायत आणि मीठ भरून निघत नाहीये. मीठ दिलं, बरे झाले. खाणीतल्या कामगारांचंही तसंच. पण ती दिवसदिवसभराची मजुरी, आणि ती रोजची. आपण रविवारी सकाळी साडेचार तास पळतो आणि आदल्या रात्री पापड-लोणच्यासकट जेवलेले असतो. आमच्याकडे कोकणात भातलावणीला आई शेतावर पेजेचं भांडं न्यायची, मीठ घातलेली, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा, ते अक्कल असलेलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षारांचं पेय होतं. पाणी, मीठ, पिष्ट, सगळं एकत्र, आणि हळूहळू.

लोणच्याच्या पाण्याचं फॅड पण आलंय. आपल्या लोणच्याचा तेलातला खार नव्हे हं, तिकडची काकडी व्हिनेगर-मिठात मुरवतात ते पाणी. २०१० मध्ये केविन मिलर ह्या संशोधकाने आणि मंडळींनी मुद्दाम विजेच्या झटक्याने पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत गोळा आणला आणि ते पाणी पाजलं, गोळा साध्या पाण्यापेक्षा लवकर गेला खरा, पण दीडएक मिनिटात, आणि तेवढ्यात पोटातलं मीठ रक्तात पोचतच नाही. म्हणजे घशाला लागलेल्या आंबट झटक्याने काहीतरी होत असावं, असा त्यांचा अंदाज. मिठाने भरपाई झाली वगैरे काही नाही.

आता माझं काय चुकलं ते ऐका. तयारीचे लाँग रन मी सातच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं ह्या वेगाने केले, जास्तीत जास्त २८ किलोमीटर. आणि रेसच्या दिवशी बँड वाजतायत, लोक ओरडतायत, मी सहा-पाचने (सहा मिनिटं पाच सेकंद) सुटलो, हाफ, म्हणजे निम्मं अंतर, २ तास ८ मिनिटांत. वरळीला घड्याळ बघून खूशही झालो होतो! ज्यांना आधी कधी गोळा आलाय आणि जे सरावापेक्षा जोरात सुटतात त्यांना तो यायची शक्यता जास्त, हे त्याच दक्षिण आफ्रिकेच्या मंडळींनी नंतर दाखवलंय. पण हे कोणी ऐकायला तयार नाही, कारण ह्यावर कॅप्सूल मिळत नाही.

आणि चमचाभर म्हणजे किती हो? सपाट चमचा धरला तरी पाचेक ग्रॅम मीठ, त्यात दोन ग्रॅम सोडियम. डब्ल्यूएचओ दिवसभराला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणतं, आणि तुमच्या चौकटीत ते एका घोटात. आमच्या ग्रुपमध्ये पंचेचाळिशीच्या पुढचे निम्मे लोक बीपीची गोळी घेतात, त्यांनी हे वाचून काय करायचं?

उलट बाजूही आहे, ती जास्त भीतीदायक. बोस्टन मॅरेथॉन २००२ मध्ये पळालेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम खाली गेलेलं होतं, तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. हे कोण, तर बहुतेक चार तासांच्या वर लागलेले, आणि पिऊन पिऊन पळताना वजन वाढलेले! म्हणजे आमच्यासारखेच, मागून सावकाश येणारे, प्रत्येक टेबलावर थांबून "घ्या काका, घ्या काकू" म्हणून दिलेला प्रत्येक ग्लास रिकामा करणारे. ह्यात डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळायला लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, अजून पाजा. त्यातून आपण मिठाची कॅप्सूल घेतलीय म्हणजे कितीही पाणी प्यायलं तरी चालेल असं वाटायला लागलं तर संपलंच.

मी मिठाच्या विरोधात नाही. मे महिन्यात ठाण्यात तासभर पळून आलो की माझं वजन सव्वा किलोच्या आसपास उतरतं, मधे प्यायलेलं पाणी धरलं तर दीड लिटर घाम, काळ्या टोपीवर पांढरी नक्षी उमटते. एवढा घाम चार-पाच तास जाणार असेल तर बाटलीत ओआरएस ठेवतो, तहान लागेल तसं घोट घोट. पण पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच. लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करणारे मी डोळ्याने बघितलेत, "स्ट्राँग" होतं म्हणे. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असं मोजून ठेवलंय ते उगाच नाही. आणि दुकानातली गोड सरबतं ओआरएस नावाने खपत होती, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ते नाव लावायला बंदी केली, तरी घेताना पाकीट उलटं करून वाचावं.

तर विनंती एवढीच की ती चौकट दुरुस्त करून छापा, त्याच जागी आणि तेवढ्याच टायपात. आणि रेस भरवणारे तुमचा पेपर वाचत असतील तर त्यांना सांगा की शेवटच्या दहा किलोमीटरच्या व्हॉलंटियर पोरांना गोळा आलेल्या माणसाचा पाय कसा धरायचा हे आदल्या दिवशी दहा मिनिटं शिकवा. स्प्रे मारून पुढे ढकलतात नुसते.

ह्या जानेवारीत परत गेलो होतो, सात-दहाने, लाँग रन ३२ पर्यंत केलेले. पेडर रोडला उंदीर परत पळाला. ह्या वेळी लगेच चालायला लागलो, डिव्हायडरच्या कडेवर चवडा टेकवून टाच खाली सोडली, वीसपर्यंत मोजलं, परत निघालो. ५ तास ६ मिनिटं. आजी त्याच कोपऱ्यावर होत्या, संत्र्याची फोड घेतली, मीठ नको म्हटलं.

आपला,
एक पळणारा वाचक, ठाणे