ज्योतिप्रसाद अगरवाला कोल्हापूरला माहीत व्हायला पाहिजेत

संपादक साहेब, नमस्कार.

स्वातंत्र्यलढ्यावरच्या पुरवण्या मी न चुकता वाचतो. त्यात पंजाब येतो, बंगाल येतो, आपला सातारा तर येतोच, पण आसाम काही येत नाही, म्हणून तिथल्या एका कवी, नाटककार, सिनेमावाल्या स्वातंत्र्यसैनिकाबद्दल हे पत्र.

आमच्या गल्लीच्या तोंडाला हॉटेल आहे, तिथं आसामातल्या तेजपूरकडचा एक पोरगा कामाला आहे. सगळे त्याला नेपाळी म्हणून हाक मारतात, मी पण मारायचो, ते चुकलंच माझं. एकदा रात्री बंद व्हायच्या टायमाला तो मिसळीच्या कटाचं पातेलं घासत होता आणि बारीक आवाजात काहीतरी म्हणत होता, चाल अशी की मी पैसे द्यायचे विसरून उभाच राहिलो. विचारलं तर हात पुसून मोबाईलवर फोटो काढून दाखवला, म्हणाला काका ये हमारे ज्योतिप्रसाद अगरवाला, १७ जानेवारी को स्कूल में सब लोग इनका गाना गाते हैं. अगरवाला म्हटल्यावर मी लगेच म्हटलं मारवाडी का, तर पोरगा म्हणाला नाही, असमिया.

मग मी घरी येऊन जमेल तेवढं वाचून काढलं. त्यांचा पणजा राजस्थानातनं आसामात आला आणि तिथलाच झाला, घरात आसामी बोलणं, आसामीत लिहिणं, चुलते चंद्रकुमार तर मोठे कवी. आपल्याकडं पण गुजरीत आणि लक्ष्मीपुरीत अशी घरं आहेतच की, आपल्यापेक्षा रांगडं कोल्हापुरी बोलणारी. ज्योतिप्रसाद १९०३ साली चहाच्या मळ्यात जन्मले, चौदाव्या वर्षी नाटक लिहिलं, पुढं एडिंबराला शिकायला गेले आणि डिग्री न घेताच परत आले, येताना बर्लिनला थांबून सिनेमा शिकले. आले ते सरळ आंदोलनात आणि १९३२ साली जेलमध्ये.

आणि आता जे सांगतोय ते खास कोल्हापूरकरांनी वाचावं. १९३२ ला इथं प्रभातनं 'अयोध्येचा राजा' काढला, मराठीतला पहिला बोलपट, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे. इकडं निदान बाबूराव पेंटरांनी वाट घालून दिली होती, कॅमेरासुद्धा इथंच बनला होता. आसामात तसलं काहीच नव्हतं. तर या माणसानं घरच्या भोलागुरी चहामळ्यात बांबू आणि चटयांचा स्टुडिओ उभा केला, नाव ठेवलं चित्रवन, आणि सूर्याच्या उजेडात आसामचा पहिला सिनेमा शूट केला, 'जयमती'. आसामवर पूर्वी राज्य करणाऱ्या आहोम घराण्यातल्या राजपुत्राच्या बायकोची गोष्ट, नवऱ्याचा ठावठिकाणा सांगत नाही म्हणून तिला राजानं हाल करून मारलं. पुढं एडिटिंगला बसल्यावर कळलं की अर्ध्या सिनेमाचा आवाजच रेकॉर्ड झालेला नाही. कलाकार आसामात आपापल्या गावी गेलेले, आता कुणाला बोलावणार? मग ह्यांनी स्वतः साऊंड स्टुडिओ भाड्यानं घेतला आणि बाया पुरुष सगळ्यांचे आवाज एकट्यानं दिले. माझे आजोबा इथल्या एका स्टुडिओत सुतारकाम करायचे, सेट पडला की रातोरात परत उभा करायचो असं सांगायचे, त्यामुळं हे वाचताना मला अगदी आतनं गलबलून आलं. सिनेमा १० मार्च १९३५ ला कलकत्त्यात लागला आणि घरचा पैसा त्यात बुडाला. जयमतीचं काम केलेली आयदेउ हँडिक, तिनं पडद्यावर परक्या पुरुषाला नवरा म्हटलं म्हणून गावानं तिला वाळीत टाकलं, जन्मभर लग्न झालं नाही तिचं. हे पण सांगितलं पाहिजे, नुसतं कौतुक नको.

कवी म्हणून तर त्यांची तीनशेच्या आसपास गाणी आहेत, ज्योतिसंगीत म्हणतात त्याला. लुइत म्हणजे ब्रह्मपुत्रा, त्या लुइतच्या काठची आम्ही पोरं, मरायला भीत नाही असं सांगणारं गाणं पोरगा म्हणत होता. आणि तशी पोरं खरंच मेली हो. आपल्या गारगोटीच्या कचेरीवर १९४२ च्या डिसेंबरात सात जण हुतात्मा झाले, त्याच्या आधी तीन महिने, २० सप्टेंबरला, तेजपूरच्या पुढं गोहपूरच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला मोर्चा गेला होता. सतरा वर्षांची कनकलता बरुआ झेंडा घेऊन सगळ्यात पुढं, तिला गोळी लागली, तिच्या हातातला झेंडा मुकुंद काकतींनी घेतला, त्यांना पण गोळी. अशा मरायला तयार असलेल्या पोरांच्या पथकाला मृत्युवाहिनी म्हणत, ती उभी करणाऱ्यांत ज्योतिप्रसाद होते, नंतर ते भूमिगत झाले. भूपेन हजारिका आपल्याला माहीत आहेत, त्यांना शाळकरी वयात तेजपूरला हेरून सिनेमात गायला लावलं ते पण ह्यांनीच. १९५१ साली १७ जानेवारीला कॅन्सरनं गेले, वय फक्त ४७. आसामात तो दिवस शिल्पी दिवस म्हणून पाळतात.

कलानगरी म्हणून मिरवणाऱ्या आपल्या गावात मी दहाबारा जणांना विचारलं, त्यात नाटकवाले होते, एक इतिहासाचे मास्तर होते, एकालाही नाव माहीत नव्हतं. दोष कुणाला देत नाही, मला तरी कुठं माहीत होतं. पण तुम्ही या १७ जानेवारीला त्यांच्यावर अर्धं पान तरी द्या, ही कळकळीची विनंती. 'जयमती'ची काही रिळं १९७० नंतर सापडली, तेवढी दाखवायची सोय कुणी करू शकत असेल तर आमच्या तालमीचा हॉल मोकळा आहे, पडदा आणि खुर्च्या आमच्याकडं. त्या पोराला या वर्षी माघ बिहूला, म्हणजे त्यांच्या संक्रांतीच्या सणाला, सुट्टी नाही मिळालेली, त्यामुळं तो इथंच असणार आहे. मी विचारून ठेवलंय, गातो म्हणालाय.

आपला नेहमीचा वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर